टाकी भरून वाहत होती

मुडबी
२२ एप्रिल २०२५

मैत्रेयी, तुला आजीचा जयभीम.

पत्र बघून दचकू नको, कोणी मेलं न्हाई. तू फोन उचलत न्हाईस, आणि उचललास की "आजी, फोनवर नको, नंबर तपासतेत" म्हणून ठेवतीस. नात पोलिसात गेली म्हणून मला ह्या वयात चोरावानी चिठ्ठ्या पाठवायची पाळी आली बघ. मी सांगायले, अंगणवाडीची मल्लेश्वरी लिहायली. गुलबर्ग्याच्या बसचा रेवणप्पा कंडक्टर तुझ्या हातात देतो म्हणलाय. त्याला चहा पाज, न्हाईतर पुढची चिठ्ठी तो वाचून गावभर करील.

तुझ्या व्यंकटमामाचा प्रेमानंद जयंतीच्या मंडपाच्या खुर्च्या आणायला टेम्पो घेऊन तिकडं, तुझ्या ठाण्याच्या हद्दीत गेला होता. अरुंद पूल. मागून जीप हॉर्न वाजवायली. ह्यानं मान बाहेर काढून सांगितलं, पूल संपला की साईड देतो. जीपमध्ये तुमचे फौजदार साहेब. पूल संपला, ह्यानं साईड दिली, आणि साहेबानं ह्यालाच उचललं. दुपारी लेकरू उचललं, आणि सांजच्याला व्यंकटला फोन करून "पोरगा टेम्पोवरून पडलाय, घेऊन जा" म्हणले.

मी बी गेले. तुझं नाव घेतलं न्हाई. "ठाण्यात माझी ओळख सांगायची नाही" हे तुझं फर्मान हाय ना. तुझ्या क्वार्टरकडं चक्कर टाकली तर कुलूप. म्हणलं, पोरगी बंदोबस्ताला गेली असंल.

एक गंमत सांगते. ठाण्याच्या मागं टाकी हाय, ती भरून वाहायली होती. भर उन्हाळ्यात पाणी पार रस्त्यापर्यंत! दारात एक पोरगेलासा पोलीस उभा होता. त्याला म्हणलं, "अरे बाबा, आमच्या गावात घागरीसाठी बायका झिंज्या धरायल्यात, आणि तुमची मोटर रिकामी घुरघुरायली. बंद कर की!" तर तो असा बघत राहिला जसं काई मी त्याला शिवीच दिली.

मग आमचं लेकरू बाहेर आलं. आलं कसलं, दोघांनी धरून आणलं. चपला हातात, कारण पाय चपलेत मावत न्हवते. पाठ, मांड्या निळ्या वांग्यावानी.

दवाखान्यात कामून नेलं न्हाई म्हणशील. डॉक्टर पहिला निरोप ठाण्यालाच देतो असं व्यंकटला कोणी सांगितलं, तो भेला. मग मीच बसले. आंबेहळद, तुरटी, रक्त्याबोळ उगाळून कोमट लेप, वरून एरंडाची पानं, विटकरीचा शेक. बैलानं मारलेले, झाडावरून पडलेले, नवऱ्यानं मारलेल्या, सगळ्यांची डॉक्टरीण मीच की. आज त्याच्या अंगावर डाग दाखव म्हणलं तर हळूहळू सापडंनासा व्हायलाय. हात हाय माझा!

नुसते तळपाय टेकवत न्हाई. आणि बोलत न्हाई.

तू एवढंच शोधून दे, आत कोण होतं. व्यंकट तक्रार करतो म्हणायलाय.

तुझी आजी


पोलीस क्वार्टर्स
२७ एप्रिल २०२५

ती. आजीस सप्रेम जयभीम.

चिठ्ठी मिळाली. रेवणप्पांना चहा पाजला. माझं मराठी बिघडलंय, दिवसभर कन्नडच लिहावं लागतं, समजून घे.

आजी, आधी हे कर. लेप बंद कर. आत्ताच्या आत्ता. शेक देऊ नकोस, पानं बांधू नकोस. प्रेमला तसाच बीदरच्या मोठ्या दवाखान्यात ने आणि डॉक्टरांना स्पष्ट सांग की पोलिसांनी मारलंय, तसं लिहा. पाठीचे, मांड्यांचे, तळव्यांचे फोटो काढा. कोणीही विचारलं तरी हे मी सांगितलं असं म्हणू नका.

मी त्या दिवशी बंदोबस्तालाच होते. जत्रेच्या. मला काही माहीत नाही. कोणाला विचारणंही सोपं नाही, इथं भिंतींना कान आहेत आणि ते सगळे साहेबांचे आहेत.

प्रेम काही बोलला का? माझ्याबद्दल नाही विचारत. सहज, त्या दिवसाबद्दल.

जपून राहा.

मैत्रेयी


मुडबी
१२ मे २०२५

मैत्रेयी,

तुझी चिठ्ठी मल्लेश्वरीनं वाचली तेव्हा माझे हात हळदीचे होते. मी त्याच्या पाठीचा शेवटचा लेप पुसायले होते. खाली पाठ निघाली ती बाळंतिणीच्या लेकरावानी, स्वच्छ.

तरी नेला बीदरला. डॉक्टर तरणा होता, बोलायला गोड. उलटा केला, सुलटा केला, दाबून बघितलं. एक्सरे काढला, हाड मोडलेलं न्हाई. मला म्हणला, "आजी, मारलं असेल, मी नाही म्हणत नाही. पण दिसतच नाही तर लिहू काय?" मग विचारलं, उपचार कोणी केला? मी मोठ्या ऐटीत म्हणलं, मी!

त्यानं हातातलं पेन खाली ठेवलं.

त्या पेनाचा आवाज मला अजून येतो गं. फोटो काढलाव का विचारलं. आम्ही कशाला काढताव? लेकराच्या उघड्या पाठीचा फोटो कोण काढतं? लग्नाचे काढतेत, बारशाचे काढतेत. आमच्यात कोणी ठेचकाळलं तर पहिला हात तेलाकडं जातो, मोबाईलकडं न्हाई.

कागदावर आलं, अंगावर बाहेरून जखम न्हाई. ठाण्यात लिहून ठेवलंय की प्रेमानंद नावाचा माणूस त्या दिवशी तिथं आलाच न्हाई. आणि व्यंकटला फोन केला तो कोणी? तर म्हणे रस्त्यावरच्या कोण्या भल्या माणसानं. किती भली माणसं हायत बघ तुमच्या रस्त्यावर.

बसवकल्याणचे गुरुशांतप्पा वकील चांगलं माणूस हाय. पोलिसांच्या विरोधात तक्रार ऐकणारं जे प्राधिकरण असतं, तिथं अर्ज दिला त्यांनी. पण म्हणले, अंगावर खूण न्हाई, कागदावर नोंद न्हाई, आता आतलं माणूसच बोलायला पाहिजे. मी म्हणलं, हाय की आमचं आतलं माणूस! मग तुझं फर्मान आठवलं, आणि खोकले.

तू नसलीस तरी कोणी तर असंल. शोध बाई. ज्याला आई हाय असा एक तरी असंल.

प्रेमानंद काय बोलला विचारतीस. काई न्हाई. टेम्पो उभा हाय, त्यात कोंबडीनं अंडी घातली. हा भिंतीला धरून तळव्याच्या कडांवर चालतो, निखाऱ्यावर चालल्यावानी. आणि शेजारच्या ग्यानबाची मोटर लागली की पांघरूण डोक्यावर ओढतो. एवढ्या उन्हाळ्यात! मी म्हणते, ताप डोक्यात गेला असंल.

तुझी आजी

ता.क. मैत्रेयी, हे मी, मल्लेश्वरी, माझ्या मनानं लिहितेय. आजींना वाचून दाखवणार नाही. बीदरहून आल्यापासून त्या पोटभर जेवत नाहीत. उगाळायची सहाण त्यांनी उकिरड्यावर टाकली होती, मी उचलून आणून माझ्या घरी ठेवलीय. काहीतरी करा.


पोलीस क्वार्टर्स
२५ मे २०२५

आजी,

मल्लेश्वरीताई, हे आजीला एकटीलाच वाचून दाखवा. दार लावून घ्या.

आजी, मी बंदोबस्ताला नव्हते. मी ठाण्यात होते.

आमच्या ठाण्याची एक रीत आहे. कोणाला मागच्या खोलीत नेलं की बोअरची मोटर लावायची. मोटर खोलीच्या भिंतीलाच आहे, तिचा आवाज एवढा की बाहेर रस्त्यावर आतलं काही ऐकू जात नाही. कोणी सांगावं लागत नाही. जो बटणाजवळ असेल तो लावतो. त्या दिवशी मी जवळ होते. आत कोण आहे ते मला माहीत नव्हतं. मी बटण दाबलं आणि टपाल लावत बसले.

थोड्या वेळानं मोटर थांबवली. साहेब हात पुसत बाहेर आले, म्हणाले, "बाई, पाणी द्या त्याला." मी तांब्या घेऊन गेले. प्रेम खाली पडलेला. त्यानं मला बघितलं. मी त्याला लहानपणी कडेवर फिरवलंय, पण त्यानं मला ओळख दाखवली नाही. अक्का म्हणाला नाही. पाणी प्यायला आणि भिंतीकडं तोंड केलं. माझ्यासाठी केलं ते त्यानं, आजी. मला समजलं.

मी बाहेर आले. साहेब परत आत गेले आणि माझ्याकडं नुसतं बघितलं.

मी परत मोटर लावली.

पहिल्यांदा मला माहीत नव्हतं. दुसऱ्यांदा माहीत होतं. मग मला तिथं थांबवेना. ती तशीच चालू ठेवून मी मागच्या बाजूनं क्वार्टरमध्ये आले, पुढच्या दाराला कुलूप मीच लावलं. तू दाराशी आलीस, माझं नाव घेऊन दोन हाका मारल्यास. मी आत, दाराला पाठ लावून बसले होते. टाकी भरून वाहत होती, कारण मोटर बंद करायला मी तिथं नव्हते.

तू म्हणतेस आतलं माणूस शोध. सापडलं.

मैत्रेयी


मुडबी
३ जून २०२५

मैत्रेयी,

मल्लेश्वरी चांगली बाई हाय, पण तिला लबाडी येत न्हाई. तुझी चिठ्ठी घेऊन आली, दार लावलं, बसली, आणि वाचलं काय? "आजी, मी बरी आहे, तुम्ही बऱ्या असाल, शोध चालू आहे." झालं. पान उलटलं. दुसऱ्या पानावर परत, "मी बरी आहे." मला अक्षर कळत न्हाई, पण कागद भरलेला का रिकामा ते तर दिसतं की! म्हणलं, "मल्लेश्वरी, एवढी शाई फक्त बरी असायला लागली का गं पोरीला?" ती रडायला लागली. मग वाचलं. मग मी परत वाचायला लावलं.

तुला शिव्या द्यायला तोंड उघडलं. शिव्या चांगल्या सुचल्या होत्या, तुझ्या आजोबासाठी राखलेल्या, तशाच कोऱ्या. पण मल्लेश्वरी म्हणली, असलं मी लिहिणार न्हाई. आणि मला बी मधीच दम लागला.

मग भाकरी टाकत बसले, आणि माझ्या ध्यानात आलं. त्या साहेबाला आपण दोघींनी मिळून सोडवलं. तू त्याचा आवाज बुडवलास, मी त्याचे वळ पुसले. तू भेऊन केलंस, मी मायेनं केलं. साहेबाला काय, त्याचं काम झालं. त्याच्या बायकोनं बी त्याच्यासाठी एवढं केलं नसंल.

प्रेमानंदजवळ गेले. म्हणलं, "अक्का होती तिथं?" पांघरुणाचा धागा ओढत बसला. मग म्हणला, "अक्कानं पाणी दिलं." एवढंच. मोटरचं बोलला न्हाई. तितक्यात ग्यानबाची मोटर लागली आणि हा पांघरुणात गेला. त्या लेकराला ताप न्हाई मैत्रेयी. मोटर लागली की आता आपल्याला मारणार, असं त्याच्या अंगाला वाटतंय.

आपल्या घरची मोटर लावायची मी बंदच केली, आणि गेले ग्यानबाकडं. म्हणलं, बाबा, तुझी मोटर थोडे दिवस बंद ठेव. कामून म्हणला. काय सांगू? म्हणलं, आवाजानं माझं डोकं उठतं. तर म्हणतो कसा, सुमनबाई, तुमचं डोकं मोटरनं न्हाई, तुमच्याच तोंडानं उठतं. हसले. काय करणार.

आता तू काय करणार हाईस ते सांग. मला गोड बोलून फसवायचं असलं तर मल्लेश्वरीकडून शिकू नको, दुसरी मास्तरीण बघ.

आजी


पोलीस क्वार्टर्स
२० जुलै २०२५

आजी,

सुनावणीची नोटीस इथं आली. साहेबांनी सगळ्यांना बोलावून घेतलं. रागावले नाहीत, चहा मागवला. म्हणाले, कॅमेरे त्या दिवशी बंद होते, वहीत नाव नाही, डॉक्टर म्हणतात जखम नाही. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "आणि कोणी उद्या फार खरं बोलायला गेलं, तर मारताना मोटर कोणी लावली तेही निघेल. गुन्ह्यात मदत करणाराही गुन्हेगारच."

त्यांना माझं-प्रेमचं नातं कळलंय असं वाटतं. कसं, माहीत नाही.

मी बोलले तर मीच आरोपी. नोकरी जाईल ते सोड, मी आत जाईन. तुझे नातजावई हरिओम म्हणतात, गप्प बस, तू काठी उचलली नव्हतीस. रोज म्हणतात. ते म्हणाले की थोडा वेळ मला पटतं. मग ठाण्यात कोणाला तरी आणतात, आणि सगळे माझ्याकडं बघतात, कारण मी बटणाजवळ बसते. मी जागा बदलून मागितली. दिली नाही. परवा एका ट्रकवाल्याला आणलं. मी हात मांडीखाली दाबून बसले. दुसऱ्या कोणी लावली मोटर.

आईचा फोटो आहे ना तुझ्याकडं, माझी टोपी घालून हसतेय तो, तो काढून ठेव. मला तो आठवतो.

मला साक्षीला बोलावू नका आजी. वकिलांना माझं नाव सांगू नका. मी पाया पडते. मला नाही जमणार.

मैत्रेयी


मुडबी
१० ऑगस्ट २०२५

मैत्रेयी,

गुलबर्ग्याला जाऊन आलाव. मी, व्यंकट, वकील, आणि मला धरायला मल्लेश्वरी. प्रेमानंदला आणला होता; रेवणप्पानं परतीच्या वेळेपर्यंत बस फाटकासमोर उभी केली होती, तो तिच्यातच बसून राहिला. उतरला न्हाई. ठाण्याची जीप फाटकात उभी होती.

आत मोठी खोली, गार हवा, साहेब लोक. तुझा साहेब बी होता, पुढच्या खुर्चीत. मी पहिल्यांदा नीट बघितलं त्याला. मला वाटलं होतं राक्षस असंल. पण केस विंचरलेले, कपाळ स्वच्छ, कोणाच्या तरी चांगल्या जावयावानी. त्याचंच जास्त भ्या वाटलं.

त्यांचा वकील कन्नडमध्ये सुरू झाला. मधीच थांबून मल्लेश्वरीला म्हणतो, म्हातारीला मराठीत सांगा. मी म्हणलं, "मला कन्नड येतं की अप्पा. लिहिता येत न्हाई, ते तर मराठी बी येत न्हाई." ऐकायला बसलेले मोठे साहेब हसले. त्यांचा वकील हसला न्हाई. म्हणला, "तुम्ही डॉक्टर आहात का?" म्हणलं, न्हाई. "मग जखमा होत्या हे तुम्ही कसं सांगता?"

मी सांगितलं. टेम्पोवरून पडलेला माणूस गुडघ्यावर पडतो, कोपरावर पडतो, तोंडावर बी पडतो. तळपायावर कसा पडतो तेवढं मला उभं राहून दाखवा.  मी म्हणलं, जखमा होत्या, मी त्या घालवल्या. ही माझी चूक, लिहून घ्या, अंगठा देते. जखम नव्हती तर मी कोणाला लेप लावत होते? रक्त्याबोळाचा वास आमच्या गल्लीत पंधरवडाभर होता, आमच्या लोकांना बोलावून विचारा. बायका येता-जाता विचारायच्या, सुमनबाई, कोणाला एवढा मुका मार लागलाय गं?

मग मी पाण्याचं सांगितलं. टाकी भरून वाहत होती, मोटर घुरघुरायली होती, मी पोलिसाला बंद कर म्हणले. मोठ्या साहेबांनी चष्मा काढला. विचारलं, "ह्याचा काय संबंध?" मी म्हणलं, त्या ठाण्याच्या समोर चहावाला हाय, पंक्चरवाला हाय. त्यांना विचारा टाकी कधी कधी वाहती.

तुझ्या साहेबानं तेव्हा पहिल्यांदा मान वळवून माझ्याकडं बघितलं.

"मोटर कोण लावतं?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

मैत्रेयी, तेव्हा मी दाराकडं बघितलं. का बघितलं मलाच माहीत. दारात एक शिपाई उभा होता, आणि कोणी न्हाई. माझ्या तोंडात तुझं नाव आलं होतं, दातापर्यंत. बसमध्ये माझा एक नातू तळव्यावर उभा राहू शकत न्हाई, आणि ठाण्यात माझी एक नात खुर्चीवरून उठू शकत न्हाई. कोणाला वाचवू? मी म्हणलं, "मी बघितलं न्हाई." खोटं न्हाई ते. मी बघितलं न्हाईच.

वकील बाहेर आल्यावर म्हणले, आजी, तेवढ्यानं भागत न्हाई. पुढच्या तारखेला आतला माणूस आला न्हाई तर अर्ज गेला. मी म्हणलं, ठीक.

येताना बसमध्ये प्रेमानंदनं विचारलं, "अक्काचं नाव घेतलंस?" न्हाई म्हणलं. तो खिडकीकडं तोंड करून बसला. त्याला बरं वाटलं का वाईट, मला कळलं न्हाई. मल्लेश्वरीला बी कळलं न्हाई, आणि तिला तर वाचता येतं.

तुझं नाव मी कोणापुढंच घेतलं न्हाई, बाई. ठाण्याच्या दारात न्हाई, साहेबापुढं न्हाई. ते आता तुझ्याजवळच हाय. घ्यायचं असलं तर तू घे.

फोटो मी काढणार न्हाई. तुझी आई हसायली, हसू दे.

आजी


कलबुर्गी (गुलबर्गा)
२ सप्टेंबर २०२५

आजी,

नाव घेतलं.

मी गणवेश घालून गेले. हरिओम स्टँडपर्यंत आले, पुढं आले नाहीत. खोलीत गेल्यावर साहेब माझ्याकडं बघून हसले, त्यांना वाटलं मी त्यांच्या बाजूनं आलेय. मोठ्या साहेबांनी विचारलं, मोटर कोण लावतं? मी म्हणाले, त्या दिवशी मी लावली. दोनदा. पहिल्यांदा न सांगता आणि दुसऱ्यांदा नजरेनं सांगितल्यावर. आत माझा मामेभाऊ होता. मी त्याला पाणी दिलं. खोलीत कोण कोण होतं तेही सांगितलं. लिहून घेणाऱ्यानं मला दोनदा थांबवून परत विचारलं.

दुसऱ्या दिवशी मला निलंबित केलं. माझ्यावरही गुन्हा घ्यायचा का, ते ठरवतायत. साहेबांना दुसऱ्या तालुक्यात पाठवलंय, चौकशी पूर्ण होईपर्यंत. तिथंही ठाणंच आहे, तिथंही बोअर असेल. कधी काही निकाल लागेल का, वकील सांगत नाहीत. मला वाटलं होतं बोलले की हलकं वाटेल. तसं काही झालं नाही.

ज्या पोराला तू मोटर बंद कर म्हणालीस ना, त्याचं नाव मल्लिकार्जुन. त्यानं साक्ष दिली नाही. पण क्वार्टर सोडताना माझी पेटी बसवर चढवायला तोच आला. सगळ्यांसमोर. 

हरिओमच्या घरी फार दिवस राहता येईल असं वाटत नाही. मी मुडबीला आले तर चालेल का? तुला नाही विचारत. प्रेमला विचार. तो नाही म्हणाला तर मला तसंच लिही, गोड करू नकोस.

मैत्रेयी


मुडबी
९ सप्टेंबर २०२५

मैत्रेयी,

अक्षर बघितलंस का? मल्लेश्वरी मुलांना खाऊ वाटायला गेलीय. मी म्हणलं, घरात दहावी शिकलेला माणूस पांघरुणात लोळायलाय, त्यालाच धरावं. कागद पुढं ठेवला. म्हणलं, तू लिहिलंस तर उत्तर जाईल, न्हाई लिहिलंस तर जाणार न्हाई, आणि ती समजून घेईल. दिवसभर कागद तसाच पडला. कोंबडी येऊन गेली त्याच्यावरून, डाग दिसतोय तो तिचाच. आत्ता सांजच्याला उठून बसला आणि म्हणला, सांग.

तुझी चिठ्ठी त्याला मल्लेश्वरीनं पूर्ण वाचून दाखवली. एक ओळ बी गाळली न्हाई, मी कागदावर डोळे लावून बसले होते.

मी काई तुला माफबीफ केलं न्हाई. ते मोठ्या लोकांचं काम. मला भाकरी करायच्यात, तू असलीस तर पीठ मळशील. येताना गणवेश आणू नको. मल्लेश्वरीनं सहाण परत दिली. धुऊन ठेवलीय. पुढं कोणाला मार लागला तर पहिला फोटो, पहिला डॉक्टर, मग लेप. गल्लीतल्या सगळ्या बायांना बजावून ठेवलंय. माझ्याकडं आता मोबाईल हाय, फोटोत माझं बोटच जास्त येतं, पण शिकायले.

तू विचारायला सांगितलंस ते विचारलं. ह्याचं उत्तर मला सांगितलं न्हाई. म्हणला, शेवटची ओळ माझी मी लिहितो, तू बघू नको. जसं काई मला बघून कळणार हाय.

आजी

अक्का,
ये. आपल्या घरची मोटर मी काढून टाकलीय. पाणी आता चावडीजवळच्या हापशावरून आणावं लागतं, मला उभं राहवत नाही आणि आजीच्यानं होत नाही. तू हापस. त्याचा आवाज मला चालतो.
प्रेमानंद